पत्ता दुसऱ्याचा

(सोलापुरातल्या एका वाचनालयात झालेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)

मंडळी, बसल्या जागी एक काम करा. खिशात, पाकिटात, पर्सच्या तळाशी नाणं असेल तर बाहेर काढा. एक रुपया, दोन, पाच, कुठलंही चालेल. त्यावर वर्ष छापलेलं असतं, ते शोधा आणि त्या वर्षाच्या खाली बघा. चष्मा लागेल, लावा.

कुणाला बारीकशी चौकट दिसेल, पत्त्यांच्या डावातल्या चौकटसारखी. ते नाणं मुंबईच्या टांकसाळीतलं. चांदणी दिसली तर हैदराबादचं. नुसता गोल ठिपका असेल तर नोएडाचं. आणि त्या मागच्या काका मान हलवताहेत, त्यांच्या नाण्यावर काहीच नाही. काका, नाणं खोटं नाही. कोलकात्याची टांकसाळ खूण करत नाही. खूण नसणं हीच तिची खूण.

आता मला सांगा, इतकी वर्षं आपण ही नाणी रिक्षावाल्याला दिली, दानपेटीत टाकली, सिद्धेश्वरांच्या गड्ड्यावर पाळण्याच्या तिकिटासाठी मोजली. खूण काही लपवलेली नव्हती. आपण पाहिली नाही, कारण ती आपल्याला उद्देशून नव्हतीच. कुठला माल कुठल्या टांकसाळीचा, हे सरकारी यंत्रणेला कळावं म्हणून ती पाडलेली. आपल्या हातात रोज येतं ते दुसऱ्याच्या नावाचं पत्र.

आज मला एवढ्याच गोष्टीवर बोलायचंय. आपण म्हणतो, 'अरे, हे मला आज सहज कळलं.' सहज कळलेल्या असल्या गोष्टी मी बऱ्याच जमवल्यात. शाळेत भूगोल शिकवायचो, तेव्हापासूनचा नाद. जमवता जमवता लक्षात आलं, की यातल्या बहुतेक गोष्टी कुणीतरी कुणालातरी लिहिलेल्या निरोपासारख्या आहेत. कारागिराने कारागिराला, कारखान्याने तपासनिसाला, कधी माणसाने यंत्राला. आपण मधेच तो निरोप वाचतो आणि चकित होतो.

मधेच वाचलं की चुकीचंही वाचलं जातं. त्याचा नमुना तुमच्या प्रत्येकाच्या फोनवर येऊन गेलाय. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने मला पाठवला होता. टूथपेस्टच्या ट्यूबच्या शेपटाशी, जिथे ती चिमटलेली असते तिथे, एक रंगीत चौकोनी पट्टी असते. संदेश असा, की पट्टी हिरवी असेल तर पेस्ट नैसर्गिक, काळी असेल तर निव्वळ केमिकल. खाली हात जोडलेले, 'जनहितार्थ पुढे पाठवा'. पोराने तर घरातल्या सगळ्या ट्यूब तपासून काळ्या पट्टीवाल्या बाजूला काढल्या होत्या.

ती पट्टी यंत्रासाठी असते. ट्यूब भरणाऱ्या यंत्राला एक प्रकाशाचा डोळा असतो. त्याला ती पट्टी दिसली की ट्यूब किती फिरवायची, कुठे चिमटायची, कुठे कापायची हे यंत्राला समजतं. मागच्या रंगावर उठून दिसेल असा कुठलाही रंग तिला चालतो. वेफर्सच्या पाकिटावर, बिस्किटाच्या पुड्यावरही अशी पट्टी सापडेल.

पण मी त्या पोराला हे सगळं आधी सांगितलं नाही. एकच विचारलं, 'बाळा, ही खूण कुणासाठी केलेली असेल?' म्हणजे बघा, कंपनी पेस्टमध्ये काहीबाही घालणार, ते आपल्यापासून लपवणार, आणि वर ट्यूबवर रंग लावून त्याची कबुलीही देणार? कुणाला? कशाला? पोरगं हसायला लागलं. निरोपाचा मालक कोण हे विचारलं की निम्म्या अफवा जागच्या जागी बसतात. 'तुम्हाला माहीत आहे का' म्हणून सुरू होणाऱ्या संदेशांवर माझा राग आहे तो यासाठीच. ते गोष्ट सांगतात, पण मालकाचं नाव खोडून सांगतात.

आता स्वयंपाकघरात चला. गॅसच्या सिलिंडरला वर कडं असतं, आणि कडं टाकीला जोडणाऱ्या तीन उभ्या पट्ट्या. त्यातल्या एकीच्या आतल्या अंगाला इंग्रजी अक्षर आणि आकडा रंगवलेला असतो, बी-२७, डी-२८ असा. आमच्याकडे टाकी आणून देणारा मुलगा रोज इतके जिने चढायचा, त्याला एकदा पाणी दिलं आणि सहज विचारलं, हे काय रे? तो म्हणाला, 'सर, टाकीची तारीख आहे की ओ ती. लोकं म्हणतात गॅस एक्स्पायर झालाय. गॅस कुठं एक्स्पायर होतोय?'

त्याचं बरोबर होतं. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी म्हणजे एप्रिल ते जून, सी म्हणजे जुलै ते सप्टेंबर आणि डी म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबर. पुढचा आकडा वर्षाचा. ती लोखंडी टाकी दाब सोसते की नाही याची चाचणी त्या मुदतीला व्हायला हवी, असा तो निरोप बॉटलिंग प्लँटला आहे. मुदत उलटून गेलेली टाकी दारात आली तर आपण ती परत करू शकतो, आणि करावी. पण आतला गॅस नासला म्हणून नव्हे.

त्याच पट्ट्यांवर रिकाम्या टाकीचं वजन लिहिलेलं असतं. त्यात १४.२ किलो मिळवा, भरलेल्या टाकीचं वजन तेवढं भरलं पाहिजे. काट्यावर घालून दाखव म्हणायचा आपल्याला हक्क आहे. आणि ज्याला आपण गॅसचा वास म्हणतो, तो या गॅसचा नसतोच. गॅसला स्वतःचा म्हणावा असा वास नाही. गळती कळावी म्हणून त्यात मर्कॅप्टन नावाचा घाणेरड्या वासाचा पदार्थ मुद्दाम मिसळतात. हा निरोप मात्र खास आपल्या नावाचा, थेट नाकावर पाठवलेला.

वर्तमानपत्राचं झटकन सांगतो. रंगीत पानाच्या तळाला चार बारके ठिपके असतात. निळा, किरमिजी, पिवळा, काळा. चारही रंग वेगवेगळे छापले जातात आणि ते नेमके एकावर एक बसले की नाहीत हे छापखान्यातला माणूस त्या खुणांवरून ताडतो. जरा सरकले की पुढाऱ्याला दोन नाकं येतात. उद्या सकाळी चहाबरोबर बघा.

नोटेवर मात्र मला थांबायचंय. बँकेच्या रांगेत माझ्यापुढे एक दृष्टिहीन गृहस्थ होते. रोखपालाने नोटा दिल्या, त्यांनी त्या हातात घेऊन एकेकीच्या कडेवरून अंगठा फिरवला आणि दोन गठ्ठे वेगळे केले. मला राहवलं नाही. विचारलं. त्यांनी माझा अंगठा धरला आणि नोटेच्या कडेवर ठेवला. डाव्या-उजव्या दोन्ही कडांना तिरप्या, उठावाच्या रेघा असतात. शंभराच्या नोटेला चार. दोनशेच्या नोटेला चार रेघा आणि मधे दोन बारीक गोल. पाचशेच्या नोटेला पाच. मी या नोटा छापून आल्या तेव्हापासून वापरत होतो आणि त्या रेघा मला नक्षी वाटत होत्या.

मी म्हटलं, 'म्हणजे तुम्हाला काही अडचण नाही.' ते म्हणाले, 'नवी असली तर नाही. बाजारात फिरून मऊ पडली की रेघा जातात. मग लांबी.' आणि त्यांनी नोट बोटांवर दुमडून दाखवली. शंभराची नोट १४२ मिलिमीटर लांब, दोनशेची १४६, पाचशेची १५०. उंची तिन्हींची सारखीच, ६६. म्हणजे दोन नोटांमध्ये फरक फक्त चार मिलिमीटरचा. तुमच्या नखाच्या रुंदीइतकाही नाही. त्या चार मिलिमीटरवर माणूस आपला व्यवहार करतो. रिझर्व्ह बँकेने २०२० साली नोट ओळखून बोलून दाखवणारं 'मणी' नावाचं ॲपही काढलं, पण भाजीवाल्यासमोर दर नोटेला फोन कोण काढणार? माझं मत विचाराल तर नोटांच्या लांबीत याहून ठसठशीत फरक हवा होता.

नोट हातात आहेच तर उलटी करा. मागच्या बाजूला एका पट्टीत पंधरा भाषांमध्ये किंमत लिहिलेली आहे. आसामीपासून उर्दूपर्यंत, इंग्रजी वर्णक्रमाने. त्यात वरून चौथी कन्नड. मग खाली मराठी, शेवटून दुसरी तेलुगू, शेवटची उर्दू. साखर पेठेतून विजापूर वेशीपर्यंत चालत गेलात तर या चारही कानावर पडतील. बहुतेक गावांना त्या पट्टीतली एखादी ओळ वाचता येते. आपल्या गावाला चार येतात, हे मला फार आवडतं.

आता गावाबाहेर. सोलापूरला रेल्वेचं गाव म्हणतात, तर एक रेल्वेचं. गाडीच्या शेवटच्या डब्याच्या पाठीवर मोठी फुली असते. मुलांना वाटतं, इथे बसू नका. ती फुली वाटेवरच्या स्टेशनांतल्या कर्मचाऱ्यांसाठी. गाडी समोरून गेली आणि फुली दिसली, म्हणजे गाडी पुरी गेली. दिसली नाही, तर काही डबे मागे तुटून राहिले असतील अशी शंका घ्यायची आणि मागची गाडी सोडायची नाही. रात्री हेच काम लाल दिवा करतो.

आणि रस्ते. हा माझा विषय, इथे जरा वेळ घेईन. आपल्या गावातून ६५ नंबरचा महामार्ग जातो, पुणे-हैदराबाद. आणि ५२ नंबरचा, तुळजापूरकडून येऊन विजापूरकडे जाणारा. जुन्या ड्रायव्हर मंडळींच्या तोंडी पहिल्याला अजून 'नऊ नंबर' असतं, कारण २०१० सालापर्यंत तो नऊच होता. तेव्हा देशभर नंबर बदलले आणि बदलताना एक नियम लावला. पूर्व-पश्चिम जाणाऱ्या रस्त्यांना विषम आकडे, उत्तरेकडून दक्षिणेकडे वाढत जाणारे. एक नंबर काश्मीर-लडाखमध्ये, ८७ नंबर पार रामेश्वरच्या बाजूला. उत्तर-दक्षिण रस्त्यांना सम आकडे, पूर्वेकडून पश्चिमेकडे वाढणारे. दोन नंबर ईशान्येत, ६६ नंबर कोकण किनाऱ्याला. म्हणजे ६५ आणि ५२ एवढं वाचलं तरी नकाशा न उघडता कळतं, की सोलापूर देशाच्या दक्षिण अंगाला एका आडव्या आणि एका उभ्या रस्त्याच्या छेदावर आहे.

तीन आकडी नंबर आले की त्या फांद्या समजायच्या, शेवटचे दोन आकडे मूळ रस्त्याचे. रत्नागिरीहून कोल्हापूर, सांगली, मंगळवेढा करत आपल्याकडे येणारा १६६, तो ६६ ची फांदी. पंढरपूरवरून मोहोळला येऊन मिळणारा ज्ञानोबांचा पालखी मार्ग ९६५, तो आपल्या ६५ ची फांदी. रस्त्याकडेच्या मैलाच्या दगडाचा माथा पिवळा असेल तर राष्ट्रीय महामार्ग, हिरवा असेल तर राज्याचा, केशरी असेल तर गावाकडे जाणारा पंतप्रधान ग्रामसडक योजनेचा रस्ता. वारीत चाललेला माणूस एरवी विठ्ठलाचं नाव घेत चालतो, त्याला याची गरज नाही. पण बरोबर शाळकरी नातू असेल तर त्याचा वेळ बरा जाईल.

पिन कोडही तसाच. १५ ऑगस्ट १९७२ ला तो सुरू झाला. ही पद्धत बसवणारे टपाल खात्यातले अधिकारी होते श्रीराम भिकाजी वेलणकर, आणि हे गृहस्थ संस्कृतचे कवी होते. आपला ४१३ हा आकडा आपल्या जिल्ह्याचाच, असं आपण धरून चालतो. पण लातूर ४१३ ने सुरू होतं, धाराशिव होतं, आणि पुणे जिल्ह्यातली बारामतीसुद्धा ४१३ ने सुरू होते. तो आकडा टपाल निवडणाऱ्यासाठी. पिशवी कुठल्या वाटेने जाणार हे त्याला हवं असतं, जिल्हाधिकारी कुठे बसतात याच्याशी त्याला देणंघेणं नाही.

आता आपल्या घरचं. पूर्व भागात ज्यांचं बालपण गेलं त्यांना मागाचा खडखडाट वेगळा सांगायला नको. पण आमच्यासारखे बरेच सोलापूरकर चादर दुकानातच पाहतात. मी एका कारखान्यात गेलो होतो ते कुणाची तरी लग्नपत्रिका द्यायला. मागाच्या डोक्यावर पुठ्ठ्याच्या पट्ट्यांची माळ लोंबत होती, दोरीने ओवलेली, प्रत्येक पट्टीला भोकंच भोकं. माग चालला की एकेक पट्टी पुढे सरकायची. मी मालकांना विचारलं, तर ते म्हणाले, 'मागाला लिहिलेलं असतंय ते. एक भोक चुकलं की मोराची मान वाकडी.'

हे जेकार्ड. प्रत्येक आडव्या धाग्याला एक पट्टी. जिथे भोक आहे तिथली सुई आत शिरते आणि तिचा उभा धागा वर उचलला जातो. भोक नाही तिथला धागा खालीच राहतो. आडवा धागा नेणारा धोटा मधून जातो, पुढची पट्टी येते. अशा शेकडो पट्ट्या मिळून एक मोर होतो. फ्रान्समधल्या लिऑन गावच्या जोसेफ मारी जेकार्डने १८०४ साली ही रचना सिद्ध केली. पुढे इंग्लंडात चार्ल्स बॅबेजने आपल्या गणकयंत्राचा आराखडा करताना यंत्राला हुकूम द्यायला याच भोकांच्या पट्ट्या घ्यायचं ठरवलं. १८९० च्या अमेरिकेच्या जनगणनेत हर्मन हॉलेरिथने भोकं पाडलेल्या कार्डांवर माणसं मोजली. भोक आहे किंवा नाही, एवढ्या दोनच शब्दांच्या भाषेवर पुढे संगणक उभे राहिले. आज पुण्याला, हैदराबादला संगणकाच्या कंपन्यांत बसलेल्या आपल्या पोरांपैकी कितीजणांचे आजोबा या पट्ट्या ओवत होते, आणि दोघांचं काम एकाच घराण्यातलं आहे हे दोघांनाही कुणी सांगितलं नाही! आता इलेक्ट्रॉनिक जेकार्ड आलेत, पुठ्ठे भंगारात निघालेत. कुणाकडे जुनी माळ असेल तर रद्दीत घालू नका, जवळच्या शाळेला द्या.

काही गोष्टी मात्र कुणीच कुठे लिहिलेल्या नसतात. त्या हातात असतात आणि विचारल्याशिवाय बाहेर येत नाहीत. ज्वारीच्या पिठात उकळतं पाणी का घालायचं, हे आमच्या शेजारच्या आजींना मी विचारलं. त्या म्हणाल्या, 'विरी गेलेल्या पिठाला धरून ठेवायला नको व्हय?' विरी म्हणजे पिठाची धरून राहायची ताकद. गव्हात चिकटा असतो, तो ज्वारीत नाही. गरम पाण्याने पिठातला स्टार्च फुगून चिकट होतो आणि भाकरी थापताना चिरत नाही. शास्त्र माझं, पण उत्तर त्यांचं आधीचं.

आणि एक गोष्ट, जी आकाशात लिहिलेली आहे. आपण म्हणतो, बारा वाजले, सूर्य डोक्यावर आला. सोलापुरात बाराला सूर्य डोक्यावर कधीच नसतो. देशाचं घड्याळ साडेब्याऐंशी रेखांशावर लावलेलं, तो मिर्झापूरजवळून जातो. आपण आहोत शहात्तरच्या किंचित अलीकडे. एका अंशाला चार मिनिटं, म्हणजे आपण सरासरी सव्वीस मिनिटं मागे. त्यातही महिन्यागणिक थोडी कमी-जास्त होते. आणि नेमका डोक्यावर, म्हणजे सावली पायाखाली गडप, असा तो वर्षातून दोनदाच येतो. आपला अक्षांश साधारण १७ अंश ४० मिनिटं, म्हणून १०-११ मेच्या सुमारास एकदा आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात एकदा. ऑगस्टमध्ये ढग असतात, तो भरवशाचा नाही. मेमध्ये मात्र आपलं ऊन कुणाला हार जात नाही. पुण्याला हा दिवस आपल्यानंतर दोन-तीन दिवसांनी येतो, मुंबईला त्याच्याही नंतर. दिल्लीला कधीच येत नाही, कारण ती कर्कवृत्ताच्या पलीकडे आहे. दिल्लीला न मिळणारं काहीतरी सोलापूरला मिळतं, एवढ्यासाठी तरी गच्चीवर जा. एखादा सरळ उभा राहणारा डबा ठेवा आणि १२ वाजून २२ मिनिटांकडे लक्ष असू द्या. डोक्याला टॉवेल गुंडाळा, पाणी पिऊन जा.

(व्याख्यानानंतर श्रोत्यांनी प्रश्न विचारले. त्यातला एक.)

एक ताई : सर, तुम्ही टॉवेलचं नाव काढलं म्हणून विचारते. आपल्या गावचा नवा टॉवेल घेतला तर तो पाणी शोषतच नाही. नुसता अंगावरून घसरतो. मग टॉवेलचं एवढं नाव कशाला?

ताई, हा प्रश्न टॉवेल करणाऱ्यांनाच विचारायला हवा, आणि मी विचारला होता. टर्किश टॉवेलला उभ्या धाग्यांचे दोन बीम, म्हणजे धागा गुंडाळलेले रूळ, असतात. एक ताठ ताणलेला, एक सैल सोडलेला. सैल धाग्याच्या त्या वेटोळ्या होतात, पाणी त्यांनी प्यायचं असतं. पण दुकानात हात लावल्यावर मऊ लागावा म्हणून माल तयार करताना त्यावर मऊपणाचं रसायन चढवतात, आणि ते पाण्याला अडवतं. दोन-तीन वेळा साध्या पाण्यात, थोड्या साबणाने धुतला की सुटतं. लोक नेमकं उलटं करतात. टॉवेल पाणी शोषत नाही म्हणून धुताना वरून आणखी कपडे मऊ करणारं द्रावण घालतात, म्हणजे पुन्हा तोच थर. ते घालू नका. आणि वाळत टाकायच्या आधी दोन्ही टोकं धरून जोरात झटका, म्हणजे वेटोळ्या उभ्या राहतील. चादरीला झटकायची गरज नाही, तिला वेटोळ्याच नसतात.